अडतीस दाते

बदलीचा हुकूम आला तेव्हा आमच्या घरात सर्वांनी मिळून नकाशा उघडला. पुण्याहून कोलकाता. वयाची सेहेचाळीस वर्षे मी सह्याद्रीच्या कुशीत काढली होती. कोणत्याही दिशेला निघालो तरी तासाभरात एखादा घाट लागायचा, याची मला सवय झाली होती. नकाशावरचा बंगाल मात्र हिरव्या रंगाचा आणि सपाट दिसत होता. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच असलेल्या त्या प्रदेशात मला डोंगराची रेषा शोधूनही सापडेना.

आम्ही राहायला आलो ते न्यू टाउनमध्ये. कोलकात्याच्या पूर्वेला, राजारहाटच्या परिसरात, जिथे एके काळी भातशेती आणि तळी होती तिथे हे नवे नगर उभे राहिले आहे. त्याच्या उभारणीसाठी १९९९ साली ‘हिडको’ हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. येथील वस्त्यांना गावांसारखी नावे नाहीत. अ‍ॅक्शन एरिया एक, दोन, तीन अशी त्यांची ओळख. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना उंच इमारती, मध्येच एखादे शिल्लक राहिलेले तळे आणि त्याच्या काठावर गळ टाकून बसलेला माणूस, असे हे गाव. विश्व बांगला सरणी हा त्याचा मुख्य रस्ता. त्या रस्त्यालगत २०१२ साली इको पार्क सुरू झाले आणि नारकेलबागान चौकात आता विश्व बांगला गेट नावाची भव्य कमान उभी आहे. माझे कार्यालय सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये होते. घरापासून ते अंतर नऊ किलोमीटर भरले.

नऊ किलोमीटर हे अंतर मोठे चमत्कारिक असते. चालत जावे तर फार, मोटारीने जावे तर थोडे. पहिले दोन महिने मी बसने गेलो. बसच्या खिडकीतून मला रोज एक दृश्य दिसे. रस्त्याच्या कडेने सायकलींची रांग चाललेली असे. गवंडी, सुतार, घरकाम करणाऱ्या बायका, दुधाचे कॅन बांधलेले गवळी आणि सुरक्षारक्षक त्या रांगेत असत. सपाट भूमीवर सायकल हे सर्वांत स्वाभाविक वाहन आहे, हे ती रांग मला रोज सांगत होती. कोलकाता शहराचे सायकलशी असलेले नाते मात्र सरळ नाही. २०१३ साली तेथील पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी घातली होती. पुढे ती यादी कमी करण्यात आली. न्यू टाउनची वाट वेगळी निघाली. येथे सायकलींसाठी स्वतंत्र मार्गिका आखल्या गेल्या. केंद्र शासनाने २०२० साली शहरांना सायकलस्नेही करण्यासाठी एक स्पर्धा जाहीर केली. २०२१ मध्ये तिच्यात निवडल्या गेलेल्या अकरा शहरांत न्यू टाउनचे नाव होते. आपले नागपूर आणि पिंपरी-चिंचवडही त्याच यादीत होते. ती यादी वाचली आणि मी सायकल घ्यायचे ठरवले.

दुकानातली तयार सायकल घेण्याऐवजी ती स्वतः जुळवून घ्यावी, अशी माझी हौस होती. एका निवृत्त सहकाऱ्याकडे पोलादी नळ्यांची, शर्यतीच्या धाटणीची जुनी सायकल पडून होती. तिचा सांगाडा उत्तम होता. बाकीचे भाग गंजले होते. चाके, ब्रेक, गिअर हे सर्व नव्याने बसवायचे होते. पेडलच्या जागी जे दातेरी चाक असते, ते दोनऐवजी एकच ठेवायचे, हे मी आधीच ठरवले होते. पुढे दोन चाके असली की साखळी एकावरून दुसरीवर ढकलणारे एक यंत्र लागते, त्याला एक तार लागते, एक खटका लागतो. बंगालच्या पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून आणि चिखलातून जायचे असेल, तर जितके भाग कमी तितका त्रास कमी. मागे आठ दातेरी चाकांचा संच आणि पुढे एकच चाक. सपाट प्रदेशात एवढे पुरे. प्रश्न एकच उरला होता: पुढचे चाक किती दात्यांचे घ्यायचे?

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पण सायकलीचा सगळा स्वभाव त्यावर अवलंबून असतो. एकोणिसाव्या शतकात एका प्रकारच्या सायकलीचे पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच असे, आणि पेडल थेट त्या चाकालाच जोडलेले असे. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. अधिक वेग हवा असेल तर अधिक मोठे चाक हवे. आणि चाक किती मोठे असावे हे स्वाराच्या पायांच्या लांबीवर ठरे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सायकल बनवली. तिची दोन्ही चाके जवळपास सारखी होती आणि मागचे चाक साखळीने फिरत होते. त्या साखळीने वेगाला चाकाच्या आकारापासून मोकळे केले. पुढे चाळीस दाते आणि मागे वीस असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोन वेळा फिरते. पुढचे दाते वाढवले की सायकल एका फेऱ्यात अधिक दूर जाते, पण पायाला अधिक जोर लावावा लागतो. दाते कमी केले की पाय हलका पडतो, पण तेवढेच अंतर जायला त्याला अधिक वेळा फिरावे लागते. एका हाताने घ्यावे, दुसऱ्या हाताने द्यावे, असा हा रोखठोक व्यवहार आहे. त्यात फुकट काही मिळत नाही.

हे सर्व मला तेव्हाही ठाऊक होते. तरीही मी पन्नास दात्यांचे चाक निवडले.

ते चाक मी बेंटिंक स्ट्रीटच्या सायकलबाजारात, एका दुकानात पाहिले. काचेखाली ठेवलेले ते मोठे, चकचकीत चाक पाहून मला शर्यतीतल्या सायकलपटूंची चित्रे आठवली. “सपाट रस्ता आहे ना दादा? मग मोठे घ्या. वेग मिळेल,” असे दुकानदार म्हणाला. त्याच्या बोलण्यात चूक नव्हती; त्याला माझे वय, माझे पाय आणि माझा रस्ता ठाऊक नव्हता. मला तिन्ही ठाऊक होते. पण त्या क्षणी माझ्या मनात दुसरेच काही होते. ते सांगायचे तर मला चाळीस वर्षे मागे जावे लागेल.

माझे वडील पुण्यात कसबा पेठेतून खडकीला कामावर सायकलने जात. त्यांची सायकल काळी, उंच, रॅले कंपनीची. सुटीच्या दिवशी ते मला पुढच्या दांडीवर बसवून फिरायला नेत. दांडीवर एक जुना टॉवेल गुंडाळलेला असे. वडिलांचा श्वास माझ्या डोक्यावर जाणवे. पुलाचा चढ आला की ते काही न बोलता उतरत, मला दांडीवर तसेच बसू देत आणि सायकल हाताने ढकलत चढ चढत. शेजारून तरुण मुले पेडलवर उभी राहून, झुलत झुलत, चढ पार करून जात. त्यांच्यातला एखादा मागे वळून आमच्याकडे पाही. मला त्या वेळी फार लाज वाटे. माझ्या वडिलांत जोर नाही, असे मला वाटे. एकदा मी म्हणालोही, “बाबा, तुम्ही का उतरता? बाकीचे कोणी उतरत नाहीत.” ते हसले. म्हणाले, “अरे, घाई कुणाला आहे?” त्या उत्तराने माझे समाधान झाले नाही. मोठा झालो की आपण कधी उतरायचे नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले. ते पन्नास दाते म्हणजे त्या मुलाचा निश्चय होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

सायकल तयार झाली. पहिला आठवडा आनंदात गेला. पहाटेचा गारवा, इको पार्कजवळची झाडे, मेट्रोच्या खांबांची लांबच लांब रांग आणि तिच्या सावलीतून जाणारा मी. नऊ किलोमीटर अठ्ठावीस मिनिटांत कापून मी कार्यालयात पोहोचत असे आणि सहकाऱ्यांना ते ऐटीत सांगत असे. परंतु चैत्र लागला आणि दक्षिणेकडून वारा वाहू लागला. बंगालमधला हा वारा संध्याकाळी गच्चीत बसणाऱ्याला सुखाचा वाटतो; त्याच्या विरुद्ध दिशेने सायकल हाकणाऱ्याला मात्र तो अदृश्य चढासारखा भेटतो. सकाळी माझी दिशा आणि वाऱ्याची दिशा समोरासमोर येई. पाय जड होऊ लागले. न्यू टाउन आणि सॉल्ट लेक यांच्यामधल्या कालव्यावरचा पूल, जो बसमधून कधी लक्षातही आला नव्हता, तो आता घाटासारखा वाटू लागला. मी उतरलो नाही. दात-ओठ खाऊन पेडल दाबत राहिलो. महिनाभरात उजवा गुडघा दुखू लागला. आधी जिना उतरताना, मग चढताना, मग रात्री कूस वळताना.

डॉक्टरांनी गुडघा वाकवून, दाबून पाहिला. काही दिवस सायकल बंद ठेवायला सांगितले आणि विचारले, “मिनिटाला पाय किती वेळा फिरतात तुमचे?” हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी हिशेबखात्यात पंचवीस वर्षे काढली. आकड्यांशिवाय माझा एक दिवस गेला नाही. परंतु स्वतःच्या पायांचे फेरे मी कधी मोजले नव्हते.

आमच्या वस्तीच्या मागे, रस्त्याच्या कडेला, एका शिरीषाच्या झाडाखाली सायकल दुरुस्तीचे एक छोटेसे ठाणे आहे. ठाणे म्हणजे एक लाकडी पेटी, हवेचा पंप, पाण्याची परात आणि फांदीला टांगलेले जुने टायर. ते चालवणारा मिस्त्री जवळच्याच गावचा. शाळा त्याने चौथीत सोडली, असे त्याने मला पुढे ओळख झाल्यावर सांगितले. गुडघा थोडा बरा झाल्यावर मी सायकल हातात धरून त्याच्याकडे गेलो आणि माझे दुखणे सांगितले. त्याने गुडघ्याकडे पाहिले नाही, साखळीकडे पाहिले. मग विचारले, “दादा, रोज साखळी कुठल्या चाकावर असते?”

मी आठवून सांगितले. बहुतेक वेळ मधल्या चाकांवर. वारा असला की सर्वांत मोठ्या चाकावर.

“आणि त्याहून जड वाटले तर?”

“त्याहून पुढे काही नाहीच.”

तो मान हलवत हसला. त्याने सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी केली. पेटीतून खडू काढून मागच्या टायरवर एक खूण केली. साखळी मधल्या, एकोणीस दात्यांच्या चाकावर घेतली. “आता पेडल हाताने एकदाच फिरवा. सावकाश.” मी फिरवले. खडूची खूण दोनदा वर येऊन गेली आणि तिसऱ्यांदा अर्ध्या वाटेच्या थोडी पुढे जाऊन थांबली. मग त्याने साखळी सर्वांत मोठ्या, सव्वीस दात्यांच्या चाकावर घेतली. या वेळी खूण दोन फेऱ्यांच्या किंचित अलीकडे थांबली. “दादा, तुमच्या पायाला हे दोन फेरे पाहिजेत,” तो म्हणाला. “पण हे तुम्हाला सगळ्यात शेवटच्या चाकावर मिळतात. साखळी तिरकी चालते, चाक झिजते. आणि त्याच्या पलीकडे हात रिकामा. घरातले सगळे पैसे रोजच्या भाजीवर संपले तर आजारपणाला काय राहील?”

मी घरी आलो आणि वही घेऊन बसलो. मिस्त्रीने खडूने जे दाखवले ते मला आता आकड्यांत मांडता येत होते. माझ्या टायरचा घेर सुमारे २.१५ मीटर. पुढे पन्नास आणि मागे एकोणीस दाते असताना पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.६६ मीटर पुढे जाते. ताशी वीस किलोमीटर वेगाने जाण्यासाठी मिनिटाला ३३३ मीटर जायला हवे. म्हणजे माझे पाय मिनिटाला एकोणसाठ वेळाच फिरत होते, आणि वाऱ्यात त्याहूनही कमी. फेरे कमी म्हणजे प्रत्येक फेऱ्यात दाब जास्त. तो दाब गुडघ्याने सोसायचा. मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे पडावेत, असे डॉक्टरांनी सुचवले होते. त्यासाठी एका फेऱ्यात सव्वाचार मीटरच्या आसपास अंतर हवे होते.

आता मी निरनिराळे आकडे घालून पाहिले. पुढे बेचाळीस दाते घेतले तर मधल्या चाकावर ४.७५ मीटर, ऐंशी फेऱ्यांना ताशी जवळजवळ तेवीस किलोमीटर. तरुण माणसाला हे योग्य. अडतीस दाते घेतले तर मागच्या एकोणीस दात्यांशी बरोबर दोनास एक असे गुणोत्तर जुळते. एका फेऱ्यात ४.३० मीटर, ऐंशी फेऱ्यांना ताशी साडेवीस किलोमीटरपेक्षा किंचित अधिक. हाच माझा रोजचा वेग. साखळी संचाच्या मध्यावर, जवळजवळ सरळ रेषेत. वारा आला तर मागे एकवीस, तेवीस आणि सव्वीस दात्यांची आणखी तीन चाके शिल्लक. सर्वांत हलक्या जोडीवर, पुढे अडतीस आणि मागे सव्वीस असताना, एका फेऱ्याला ३.१४ मीटर, म्हणजे मिनिटाला साठ फेरे घातले तरी सायकल ताशी सव्वाअकरा किलोमीटरने चालते आणि तोल जात नाही. पुलासाठी एवढे पुरेसे होते. आणि वेगाचे काय? सर्वांत लहान, तेरा दात्यांच्या चाकावर ऐंशी फेऱ्यांना ताशी तीस किलोमीटर. न्यू टाउनच्या सिग्नलांमधून त्याहून वेगाने जाण्याची मला गरज तरी कधी पडणार होती? सर्वांत मोठा लाभ वेगळाच होता. त्याच वेगाने, त्याच रस्त्यावर, मागे तेच चाक असताना, पन्नास दात्यांमुळे माझ्या पायावर अडतीसपेक्षा सुमारे एकतृतीयांश अधिक भार पडत होता. तो भार मी स्वतःहून उचलला होता.

मागचा संचही मी बदलला नाही. काही जण मागे अकरा ते बत्तीस दात्यांचा संच सुचवतात. पुण्यात असतो आणि कात्रजचा घाट चढायचा असता, तर मीही तोच घेतला असता. पण आठच चाकांत एवढा मोठा पल्ला बसवायचा म्हणजे प्रत्येक पायरी उंच होते. एका चाकावरून दुसऱ्यावर जाताना पायांची लय मोडते. माझ्या तेरा ते सव्वीस दात्यांच्या संचात पायऱ्या लहान आहेत. सपाट प्रदेशात वारा हळूहळू वाढतो, हळूहळू पडतो; त्याच्याशी जुळवून घ्यायला लहान पायऱ्याच बऱ्या. ज्याचा जसा प्रदेश, तसा त्याचा गिअर.

वही मिटण्यापूर्वी मला एक गोष्ट आठवली आणि मी पुण्याला मोठ्या भावाला फोन लावला. वडिलांची सायकल अजून त्याच्या घरी, जिन्याखाली ठेवलेली आहे.

“दादा, बाबांच्या सायकलीचे दाते मोजशील का? पुढचे आणि मागचे.”

“अरे, रात्रीचे अकरा वाजलेत! आणि तू दाते कसले मोजायला सांगतोस?”

तो कुरकुरला, पण बॅटरी घेऊन जिन्याखाली गेला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. पुढे शेहेचाळीस, मागे अठरा. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. धूळ पुसल्यावर पुढच्या पट्टीवरची अक्षरे त्याला वाचता आली होती: सेन-रॅले, आसनसोल. मी थक्क झालो. रॅले कंपनीच्या सायकली भारतात तयार करणारा सेन-रॅलेचा कारखाना १९५० च्या दशकात बंगालमध्येच, आसनसोलजवळ उभा राहिला होता. म्हणजे ज्या सायकलीच्या दांडीवर बसून मी पुणे पाहिले, ती सायकल बंगालची होती.

मी हिशेब केला. त्या सायकलीच्या चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. शेहेचाळीस भागिले अठरा, गुणिले सव्वादोन. उत्तर आले पावणेसहा मीटर. माझ्या पन्नास आणि एकोणीस दात्यांच्या जोडीहूनही किंचित जड! ज्या भाराने माझा गुडघा महिनाभरात खचला, तोच भार वडिलांनी आयुष्यभर वाहिला होता. त्यांच्याकडे बदलायला दुसरे चाक नव्हते. सायकल माझ्या सायकलीच्या जवळजवळ दुप्पट वजनाची, आणि पुढे दांडीवर मी. पुलाच्या चढावर उतरणे हाच त्यांचा दुसरा गिअर होता. उतरून, पायी चालून, ते स्वतःचे गुडघे वाचवत होते, सायकलीची साखळी वाचवत होते, आणि दांडीवरच्या मुलाला झोक जाऊन पडू देत नव्हते. मी ज्याला दुबळेपणा समजलो, तो हिशेब होता. तो त्यांनी कागदावर कधी मांडला नव्हता. मिस्त्रीनेही कुठे मांडला होता? मी शाळा-कॉलेजात शिकलेले गुणोत्तर त्या दोघांनी हातापायांनी शिकले होते. वडील जाऊन आता नऊ वर्षे झाली. “घाई कुणाला आहे?” या त्यांच्या उत्तराचा अर्थ मला त्या रात्री कळला, आणि तो त्यांना सांगता येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीकडे गेलो आणि अडतीस दात्यांचे चाक हवे म्हणून सांगितले. त्याने आधी पेडलच्या दांड्यावरील बोल्टांमधले अंतर पाहिले. हे महत्त्वाचे असते. चाक कितीही आवडले तरी त्याची छिद्रे जुळली पाहिजेत. माझ्या सायकलीचे पाच बोल्ट १३० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर होते. अशा दांड्यावर अडतीसपेक्षा लहान चाक बसतच नाही. माझी गरज आणि त्या लोखंडाची मर्यादा नेमकी एकाच आकड्यावर येऊन भेटली होती. नव्या चाकाचा एक दाता रुंद आणि त्याच्या शेजारचा अरुंद असा क्रम होता. साखळीच्या कड्याही एक आड एक रुंद-अरुंद असतात. त्यामुळे खड्ड्यात आपटले तरी साखळी सहजी उतरत नाही. असा क्रम जुळायचा तर दात्यांची संख्या सम असावी लागते. चाक बारा दात्यांनी लहान झाले म्हणून साखळीही लांब पडू लागली. साखळी चाकाच्या साधारण अर्ध्या घेरावरच बसते, म्हणून बाराच्या निम्म्या, सहा कड्या मिस्त्रीने काढून टाकल्या आणि त्या माझ्या हातावर ठेवल्या. “हा तुमचा जास्तीचा भार, दादा,” तो म्हणाला.

सायकलींच्या इतिहासात माझ्यासारखे हट्टी लोक पूर्वीही होऊन गेले आहेत. टूर द फ्रान्स ही प्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू करणारे आंरी देग्रांज यांचे मत असे होते, की गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठीची सोय आहे. खऱ्या सायकलपटूने केवळ स्नायूंच्या बळावर जिंकावे. साखळी एका चाकावरून दुसऱ्यावर नेणारे यंत्र त्या शर्यतीत सरसकट वापरण्याची मुभा मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. आज त्या शर्यतीतला प्रत्येक स्वार गिअर वापरतो आणि त्याला कोणी दुबळे म्हणत नाही. देग्रांज यांच्या नियमाप्रमाणेही मी पंचेचाळिशी ओलांडलेली आहे, ही गोष्ट मला थोडी गमतीची वाटते.

आता या गोष्टीला दोन वर्षे झाली. गुडघा पूर्वीसारखा ठणठणीत झाला, असे मी म्हणणार नाही. थंडीत तो आपली आठवण करून देतो. पण तो चालतो आहे, आणि मीही. नऊ किलोमीटरला मला पूर्वीपेक्षा फक्त दोन मिनिटे अधिक लागतात.

मागच्या वैशाखात एका संध्याकाळी कालबैशाखीने मला रस्त्यात गाठले. आकाश काळेभोर झाले, धूळ उठली आणि विजांसह वारा असा आला की सायकल बाजूला ढकलली जाऊ लागली. मी कालव्याच्या पुलापाशी होतो. साखळी सव्वीस दात्यांच्या चाकावर घेतली. तरी सायकल पुढे सरेना. त्या वाऱ्यासाठी कोणत्याही दुकानात गिअर मिळत नाही. मी उतरलो, हँडल धरले आणि पावसात भिजत, पायी चालत पूल चढू लागलो. शेजारून एक तरुण पेडलवर उभा राहून, झुलत झुलत पुढे गेला. जाता जाता त्याने मागे वळून पाहिले.

मी त्याला हात केला.